छाप दुहेरी दिसली म्हणून भाव दुप्पट होत नाही

प्रश्न: वडिलांच्या माघारी त्यांचा नाण्यांचा डबा माझ्याकडे आला. त्यात रिझर्व्ह बँकेला ७५ वर्षे झाली तेव्हा, २०१० साली, निघालेला प्रूफ सेट, म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेल्या झळाळत्या नाण्यांचा संच आहे. त्यातल्या ७५ रुपयांच्या नाण्यावर ‘सत्यमेव जयते’ची अक्षरे दुहेरी दिसतात (बाजूला चमकणारी कड, सगळ्या अक्षरांना उजवीकडेच), आरशासारख्या भागात बारीक समांतर रेघा आहेत आणि वाघाच्या पायाजवळ केसासारखी वळलेली एक खाच आहे. शंभर रुपयांचे आणखी एक चांदीचे प्रूफ नाणे २०१९ च्या महापुरात डबीसकट भिजले. त्याच्या काठाचा तुकडा उडाल्यासारखा दिसतो आणि कडेला हिरवे ठिपके आलेत. वजन ३४.९ ग्रॅम भरते. प्रदर्शनात एक विक्रेता म्हणाला, ‘डबल डाय आहे, चाळीस हजारांना विकून देतो, नाणे माझ्याकडे ठेवून जा.’ फोनवर एक जण दोन लाख म्हणतो, पण आधी नोंदणीचे २,१०० रुपये मागतो. सराफ कट्ट्यावरचे ओळखीचे सराफ पॉलिश करून द्यायला तयार आहेत. यातली टांकसाळीची चूक कोणती आणि खराबी कोणती? शिवाय घरात एक शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे आहे, तिच्यावर अर्धी अक्षरेच नाहीत. तीही एरर समजायची का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर:

आधी सराफांना नाही म्हणून सांगा. बाकीचे प्रश्न निवांत सोडवता येतील, पण पॉलिश एकदा झाले की झाले. सराफ दागिन्याच्या नजरेने बघतात आणि दागिन्यापुरते त्यांचे बरोबरच असते. प्रूफ नाण्याची झळाळी मात्र घासून आणलेली नसते. टांकसाळीत कोरी चकती आधी चकचकीत करतात. ठशाचा, म्हणजे छाप उठवणाऱ्या साच्याचा, सपाट भाग आरशासारखा केलेला असतो आणि चित्राचा, अक्षरांचा खोलगट भाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. मग एकेक चकती ठेवून जोरदार दाबाखाली तिच्यावर दोन किंवा अधिक वेळा छाप मारतात. त्यामुळे चित्र दुधी, धुकट उठते आणि मोकळी जागा काळ्या आरशासारखी दिसते. पॉलिशचा बफ फिरवला की दोन्ही एकजात चकाकतात, आणि जाणकाराला ते भिंग न लावताही कळते. पितांबरी, चिंच, रिठा, टूथपेस्ट, चांदी उजळायचे द्रावण, सगळ्यांचा परिणाम तोच.

प्रूफमध्ये खऱ्या चुका कमी का सापडतात, तेही यावरूनच लक्षात येईल. चलनातली नाणी यंत्रातून मिनिटाला शेकड्यांनी पडतात, त्यात छाप सरकलेले किंवा अर्धवट उठलेले एखादे निसटते. प्रूफ नाणे एकेकटे हाताळले जाते, तपासले जाते, मगच डबीत बसते. ढळढळीत चूक तिथेच बाजूला काढली जाते. निसटून बाहेर येतात त्या बारीक गोष्टी: पुसायच्या कापडाचा धागा, ठशात अडकलेले ग्रीस, ठसा घासल्याच्या रेघा, दोन ठोक्यांमध्ये नाणे किंचित हलल्याची सावली. म्हणून प्रूफवर कुणी मोठी, नाट्यमय चूक दाखवली, तर आधी संशय घ्यावा.

तपासायला फार काही लागत नाही. दहापट भिंग, एकच दिवा (टेबललॅम्प चालेल, गोल रिंगलाइट नको, कारण त्यात सावलीच पडत नाही), ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्यास-जाडी मोजायला व्हर्नियर. खाली मऊ घडी घातलेले कापड, म्हणजे हातातून सुटले तरी पोचा पडणार नाही. नाणे फक्त कडेने, दोन बोटांत धरायचे. बोलताना नाणे तोंडासमोर नको. थुंकीचा न दिसणारा थेंब आरशावर पडला की काही महिन्यांनी तिथे डाग उठतो.

सेट मूळ वेष्टनात असेल तर ते लगेच उघडू नका, कारण मूळ वेष्टनातल्या सेटला वेगळा भाव असतो. आधी प्लॅस्टिकमधूनच बघा. एक खबरदारी मात्र घ्या: प्लॅस्टिकवरचा ओरखडा हमखास नाण्यावरचा वाटतो. डबी किंचित कलवा. रेघ चित्रावरून सरकली तर ती प्लॅस्टिकवर आहे, चित्राला चिकटून राहिली तर नाण्यावर.

आता मुद्द्याचे. कुठल्याही खुणेबद्दल पहिला प्रश्न एकच: धातू वर उठला आहे की आत गेला आहे? ठशात जे खोल असते ते नाण्यावर उठते. ठशाला चीर गेली, ठसा घासला गेला, त्याचा कोपरा तुटला, तर नाण्यावर धातू उंचच येतो. नाणे बाहेर पडल्यानंतर धातूची भर पडत नाही. फार तर तो खरवडला, दाबला किंवा ढकलला जातो. म्हणून उंच खूण बहुधा टांकसाळीची असते आणि खोल खूण दोन्हीकडची असू शकते.

उंच की खोल हे ठरवताना डोळा फसतो. भिंगाखाली, आणि फोटोत तर जास्तच, खड्डा उंचवट्यासारखा दिसतो. त्यावर उपाय असा: दिवा डाव्या बाजूला ठेवा आणि आधी शेजारचे एखादे अक्षर बघा. अक्षर उठावाचे आहे हे पक्के माहीत आहे. त्याची दिव्याकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळी दिसेल. आता तुमची रेघ बघा. तिचा उजेड-अंधार अक्षरासारखाच पडला तर रेघ उंच आहे, उलट पडला तर खोल. दिवा उजवीकडे नेऊन पुन्हा बघा. दोन्ही वेळा तेच उत्तर आले तर खरे मानायचे.

‘सत्यमेव जयते’पासून सुरुवात करू. अक्षरे दुहेरी दिसण्याची तीन कारणे असतात आणि खरा भाव त्यातल्या एकालाच आहे.

पहिले आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे ठसा ढिला असणे. छाप पूर्ण झाल्यावर ठसा सुटताना तो किंचित घसरतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची एक बाजू सपाट दाबून जातो. भिंगाखाली शिरोरेषेवर लक्ष ठेवा. खरी शिरोरेषा गोलसर, दुधी असते. तिच्या लगत, एकाच बाजूला, एक सपाट, चकचकीत पायरी दिसेल. ती पायरी अक्षराच्या अंगातूनच कापलेली असते, म्हणजे अक्षर मूळपेक्षा बारीक झालेले असते. सगळ्या अक्षरांत ती एकाच दिशेला असेल. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात. हा टांकसाळीतच होतो, पण त्या एका ठोक्यापुरता असतो. जाणकार त्याला जास्तीचा एक रुपया देत नाहीत.

दुसरे कारण खास प्रूफचे. दोन ठोक्यांच्या मध्ये नाणे केसभर फिरले तर दुसरी छाप पहिलीवर अचूक बसत नाही. इथे दुहेरीपणा नाण्याच्या मध्याजवळ कमी आणि काठाकडे जास्त दिसतो, कारण फिरल्यावर काठ जास्त सरकतो. पहिल्या छापेची सावली दुसरीने बरीचशी चेपलेली असते. ही खरी टांकसाळी गोष्ट आहे. पण किंचित असेल तर मोल किरकोळ, आणि नुसत्या डोळ्यांना ठळक दिसत असेल तरच खरेदीदार थांबून बघतो.

तिसरे कारण म्हणजे खरा डबल डाय. ठसा तयार करतानाच त्याच्यात चित्र दोनदा, थोडे सरकून उमटलेले असते. मग त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी, तितकाच येतो. अक्षर बारीक न होता जाड होते. दोन्ही प्रतिमा सारख्याच गोलसर आणि दुधी असतात, आणि रेषांच्या टोकांना छोटी खाच पडून ती दुभंगलेली दिसतात. ‘त्य’ आणि ‘व’च्या काना-दांड्याची खालची टोके नीट बघा. तिथे दुभंग नसेल आणि शेजारी फक्त चमकती पायरी असेल, तर विषय संपला.

तुमच्या पत्रात ‘बाजूला चमकणारी कड’ असे वर्णन आहे आणि सगळ्या अक्षरांना ती उजवीकडेच आहे असेही लिहिले आहे. त्यावरून हा पहिला प्रकार वाटतो. पडताळायचे असेल तर त्याच वर्षाच्या सेटमधल्या ७५ रुपयांच्या दुसऱ्या नाण्यांचे मोठे, स्पष्ट फोटो मिळवा. डबल डाय असता तर तोच दोष इतरांच्याही संग्रहात सापडायला हवा. एकाच नाण्यावर असणारा डबल डाय ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे, आणि नेमके हेच विक्रेते सांगत नाहीत. ‘असे एकच आहे’ हे ते कौतुकाने सांगतात.

समांतर रेघांचे काय ते उंच-खोल चाचणीत लगेच कळेल. उंच असतील आणि अक्षराच्या किंवा वाघाच्या कडेला येऊन थांबत असतील, पलीकडे पुन्हा सुरू होत असतील, तर त्या ठसा घासल्याच्या रेघा. ठशात सपाट भाग वरच्या पातळीला असतो आणि चित्र खोल, त्यामुळे घासणी चित्रापर्यंत पोचतच नाही. हा दोष नाही आणि मोल वाढवणारी चूकही नाही. जशाच्या तशा राहू द्या. रेघा खोल असतील आणि आरशावरून वाघाच्या दुधी अंगावर चढत असतील, तर कधीतरी नाणे कापडाने पुसले गेले आहे. वडिलांनी धूळ बसू नये म्हणून मायेने पुसले असेल. मऊ रुमालानेही प्रूफवर केसासारखे ओरखडे उठतात आणि त्यांनी दर्जा घसरतो.

वळलेली खाच मला सगळ्यांत जास्त आवडली, कारण ती बहुधा खरी आहे. ठसे पुसताना कापडाचा धागा मागे राहतो, ठसा आणि चकती यांच्यामध्ये सापडतो आणि चकतीत दाबला जातो. धागा पुढे निघून जातो, खाच राहते. ओरखड्यापासून ती वेगळी ओळखायची तर तीन ठिकाणी बघा. खाचेच्या दोन्ही कडा मऊ, गोलसर हव्यात. ओरखड्यात धातू नांगरला जातो आणि एका काठाला त्याची बारीक वरंबी उभी राहते. खाचेचा तळ निस्तेज हवा, कारण ओरखड्याचा तळ चकाकतो आणि त्यात ओढल्याच्या रेघा दिसतात. तिसरी जागा सर्वांत भरवशाची: खाच वाघाच्या पायाला भिडते तो कोपरा. टोकदार वस्तू नाण्यावरून घसरली तर ती उंच भागाला जोराने लागते आणि उठावाच्या पायथ्याशी असलेला अरुंद कोपरा उडी मारून ओलांडते. धागा मात्र ठशासोबत दाबला गेलेला असतो, म्हणून त्याची खाच त्या कोपऱ्यातही सलग उतरते.

तसे निघाले तर ती टांकसाळीची चूकच, पण छोटी. दोन-तीन मिलिमीटरच्या धाग्याने भाव वाढत नाही, उलट काही ग्राहक तेवढ्यासाठी नाणे नाकारतात. लांब, ठळक, वेटोळे घातलेला धागा असेल तर शौकीन विचारतात.

आता पुरातले नाणे. शंभर रुपयांच्या स्मारक नाण्यांचा ओळखीचा साचा असा: ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, कडेला २०० दाते, आणि मिश्रधातूत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. सगळी शंभराची नाणी अशी नसतात, अलीकडे शुद्ध चांदीचीही निघाली आहेत. तेव्हा तुमच्या नाण्याची राजपत्रातली मापे बघून मगच काट्यावर ठेवा.

चकती कापतानाच तिचा तुकडा गेला असेल तर अशा नाण्याला शौकिनांत मागणी असते. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. तुटक्या भागाजवळचे दाते हळूहळू पुसट होत जातात, जवळची अक्षरे त्या दिशेने ताणलेली दिसतात आणि बरोबर समोरच्या बाजूचा काठही कमजोर उठलेला असतो, कारण चकतीला कड चढवताना तिथे दाब मिळालेला नसतो. समोरचा काठ भक्कम असेल, दाते अचानक तुटले असतील आणि तुटलेल्या जागी नवा, खरखरीत धातू दिसत असेल, तर तुकडा नंतर उडाला आहे किंवा कानशीने काढला आहे. डबीच्या कोपऱ्यावर आपटून काठ चेपला असेल तर वजन पूर्ण भरेल आणि धातू आतल्या बाजूला ढकललेला दिसेल. तुम्ही वजन ३४.९ लिहिले आहे. राजपत्रात ३५ ग्रॅमच असेल, तर तुकडा गेलेलाच नाही, काठ चेपला आहे. ही सरळ खराबी.

हिरवे ठिपके म्हणजे तांब्याचा गंज. पुराच्या पाण्याने डबीतला मखमल, पुठ्ठा आणि डिंक महिनोन्‌महिने ओला राहतो आणि ४० टक्के तांब्याला तेवढे पुरते. याच्याशी चूक-बीक काही नाही, पण गंज वाढू नये म्हणून इतके करा. नाणे काचेच्या वाडग्यात डिस्टिल्ड पाण्यात एक दिवस ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, गाळ आपोआप सुटेल तेवढा सुटू द्या. मग रसायनांच्या दुकानातून आणलेल्या शुद्ध ॲसिटोनमध्ये, तेही काचेच्याच भांड्यात, पाच-दहा मिनिटे बुडवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही पेटते नको, कारण ॲसिटोनची वाफ भडकते. नखांचे रंग काढायचे द्रावण वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. बाहेर काढून टिश्यूवर उभे करून वाळवा. घासायचे नाही, टिपायचेही शक्यतो नाही. ॲसिटोनने मऊ प्लॅस्टिकचा चिकट हिरवा थर निघतो, मुरलेला गंज निघत नाही. उरलेले ठिपके तसेच राहू द्या. नाणे परत ओल्या डबीत ठेवू नका. कडक, हवाबंद कॅप्सूलमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मूळ डबी वेगळी वाळवून जपा. नव्या रेनकोटसारखा वास येणारी मऊ पाकिटे घरातून काढून टाका. हिरवा चिकटा त्यांच्यातूनच येतो.

थोडक्यात काही इतर गोष्टी, कारण त्या पुढे विचारल्या जातातच. मुंबई टांकसाळीच्या चलनी नाण्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते, तर प्रूफवर जुन्या काळी ‘बी’ आणि पुढे ‘एम’ हे इंग्रजी अक्षर. ‘एम’ दिसले म्हणून ती चूक नव्हे. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू वहीचे पान उलटावे तशा उलटल्या तर सरळच दिसायला हव्यात. त्या फिरलेल्या असतील तर चूक खरी, पण दहा-पंधरा अंशांना कोणी विचारत नाही. दोन्हीकडे सिंहच असलेले नाणे बहुतेक वेळा जादूगाराचे असते: दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली, काठाच्या आत बारीक सांधा आणि आवाज बद्द. उलटी अक्षरे आत दबलेली दिसली तर दोन नाणी पकडीत धरून आवळलेली असू शकतात, आणि मग दुसऱ्या बाजूचे चित्रही सपाट झालेले असते.

पैशांबद्दल. नाणे कुणाकडेही ठेवून जाऊ नका. ‘चाळीस हजारांना विकून देतो’ म्हणणाऱ्याला विचारा, तुम्ही स्वतः किती देता? उत्तर ऐकले की खरा भाव कळेल. भाव बघायचाच असेल तर लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा, कुणी लावून ठेवलेल्या नव्हे. फोनवाल्याला तर एक रुपयाही देऊ नका. जुनी नाणी आणि नोटा यांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागितले जाते, आपला अशा व्यवहाराशी संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा खरेदीदार नसतो. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा. नाणी तपासून दर्जा देणाऱ्या कंपनीकडून सेटला दर्जा ठरवून घेण्याचा खर्चही आत्ता नको. पॉलिश केलेल्या किंवा गंजलेल्या नाण्याला तिथे अंकी दर्जा मिळत नाही, नुसता खराबीचा शेरा मिळतो, आणि यांत्रिक दुहेरीपणासाठी तर काहीच मिळत नाही.

शिवराईची गोष्ट वेगळी आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे हाताने ठोकून उठवलेली असत, आणि ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच एका नाण्यावर येतो. छाप सरकणे, अर्धी अक्षरे कापली जाणे, तुकडा वेडावाकडा असणे हे तिथे नेहमीचेच. तिला प्रूफचे निकष लावू नका. तिच्यावर भाव ठरतो तो किती अक्षरे वाचता येतात, कुठला प्रकार आहे आणि जुना तपकिरी थर शाबूत आहे का यावर. तेव्हा हा थर खरवडायला कुणाच्या हाती देऊ नका. ती पुराच्या पाण्यात भिजली नसेल तर पाण्यात, ॲसिटोनमध्ये कशातच बुडवू नका. कोरड्या कागदी पाकिटात, चांदीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवा.